शेक

तीन पेले पाणी प्यायचं आणि मग चाळीस मिनिटं नुसतं बसून राहायचं. लघवीला जायचं नाही. साठी ओलांडलेल्या आणि प्रोस्टेटच्या दुखण्यासाठीच जमलेल्या पाच-सहा पुरुषांना हे सांगणं म्हणजे थट्टाच. पण पिशवी भरलेली असली की आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला राहतात, म्हणून हा खटाटोप. गेल्या ऑगस्टमध्ये हॅरोतल्या घरापासून वीस मिनिटांवरच्या एका रुग्णालयात मी रोज असा बसत होतो. शनिवार-रविवार सोडून वीस दिवस. एखाद्या दिवशी मशीन रुसलं आणि अर्धा तास उशीर झाला, तर त्या खोलीतल्या गोऱ्या, काळ्या, गुजराती, आयरिश सगळ्या चेहऱ्यांवर एकच भाव असायचा. तो कुठला, ते तुम्ही ओळखलं असेलच.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी गावाहून दादाचा फोन. "शेक सुरू झाला का?"

हा शब्द मी पस्तीस-अडतीस वर्षांनी ऐकला. आपल्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात, कुणी लाईट देणं म्हणतात. तुमच्याही घरात कुणीतरी शेक घेतलेला असेल. शब्द मोठा आपुलकीचा आहे, कंबर दुखली की आजी विटकरीचा द्यायची तसा. दादाच्या तोंडी मात्र त्यात धाक होता. आमच्या आईला १९८७ साली मुंबईत शेक दिला होता, आणि दादाचं ठाम मत आहे की शेकानंच तिला आतून जाळलं. "तुला किती देणार आहेत? भाजत नाही ना?"

भाजत नाही. काहीच होत नाही. छतापासून खाली आलेलं मशीन तुमच्याभोवती गुंगुं करत एक फेरी मारतं, दोन-तीन मिनिटांत खेळ खलास. मी दादाला म्हटलं, अरे, मी हिशोब केलाय. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या आणि तीस वर्षं इथल्या पाणी कंपनीच्या प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय?

हिशोब असा. किरणांची मात्रा मोजतात 'ग्रे' या एककात. एका किलो मांसात एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. मला रोज तीन, एकूण साठ. तीन ग्रेनं शरीराचा तो भाग तापतो किती? एका अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. याच्या उलट बाजूनं बघा. सबंध शरीराला एकदम चार ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दगावतात. सत्तर किलोच्या माणसात ते चार ग्रे म्हणजे २८० ज्यूल. एवढी उष्णता तर तुमच्या हातातल्या चहाच्या चमचाभर घोटातही असते. चहानं कुणी मरत नाही. मग ही ऊर्जा करते तरी काय?

दादाला एवढं पटलं. "मग शेक का म्हणतात?" त्याला उत्तर नव्हतं. पण आईची कातडी काळी पडून सोलली होती, ते त्यानं पाहिलं होतं. तव्याचा चटका बसला तर फोड त्याच दिवशी येतो, शेकाची कातडी दोन-तीन आठवड्यांनी लाल होते. भाजण्याची ही रीत नव्हे. खालून नवी कातडी तयार करणाऱ्या पेशी वाढायच्या थांबल्या आणि वरची झिजून गेली, की असं होतं. जळलं काही नाही. पुढचा पुरवठा बंद पडला.

आता ती ऊर्जा कुठे जाते ते सांगतो. इथे मला माझ्या धंद्यातली जुनी ओळख भेटली.

क्ष-किरण पेशीत शिरतो तो डीएनएवर नेम धरून नव्हे. तो वाटेतल्या कुठल्या तरी अणूतला एक इलेक्ट्रॉन उडवतो. तो इलेक्ट्रॉन सुसाट पळत सुटतो आणि जाता जाता हजारो ठिकाणी दुसरे इलेक्ट्रॉन उडवत जातो. म्हणूनच याला आयनीभवन करणारे किरण म्हणतात. आता पेशीत सगळ्यांत जास्त आहे काय? पाणी, वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या घरात. तेव्हा मार बसतो तो मुख्यतः पाण्याला. इलेक्ट्रॉन गमावलेला पाण्याचा रेणू आपला एक प्रोटॉन शेजारच्या पाण्याला देऊन टाकतो, आणि मागे उरतो हायड्रॉक्सिल रॅडिकल. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि एक एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन. हे सगळं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही दहा लाखाव्या भागात उरकतं.

या हायड्रॉक्सिलला मी चांगला ओळखतो. नदीच्या पाण्यात शेतातून वाहून आलेली काही कीटकनाशकं असतात, ती कोळशानं नीट निघत नाहीत. मग पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून त्यावर अतिनील प्रकाश टाकतात आणि हाच रॅडिकल तयार करतात. तो दिसेल त्या सेंद्रिय रेणूचा हायड्रोजन हिसकावून घेतो, नाहीतर त्यालाच जाऊन चिकटतो. निवड नाही, दयामाया नाही. निम्मी नोकरी मी या रॅडिकलचे गोडवे गाणारे अहवाल लिहिण्यात घालवली. निवृत्तीनंतर तो माझ्याच ओटीपोटात कामाला लागेल असं वाटलं नव्हतं. आणि त्यासाठी वर मी रोज तीन पेले पाणी पीत होतो! (त्या पाण्याचा याच्याशी संबंध नाही, ते पिशवी भरण्यापुरतं. पण मनात यायचंच.)

पेशीत त्याचं आयुष्य काही अब्जांश सेकंदांचं. तेवढ्यात तो जेमतेम पाच-सहा नॅनोमीटर सरकतो. डीएनएची गोफण दोन नॅनोमीटर जाडीची. म्हणजे डीएनएला अगदी खेटून असलेलं पाणी फुटलं, तरच इजा. लांब फुटलं तर तो दुसऱ्याच कुणाला तरी चावतो. असं असूनही, क्ष-किरणांनी डीएनएचं जे नुकसान होतं त्यातलं साधारण दोन तृतीयांश या पाण्याच्या वाटेनं होतं. थेट डीएनएवर बसलेला फटका उरलेला एक भाग.

तो लागतो कुठे? दहातल्या आठ वेळा बेसला, म्हणजे ज्या चार अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो त्यातल्या एकाला. ग्वानिनवर एक ऑक्सिजन वाढतो, थायमिनचं कडं बिघडतं. उरलेल्या वेळा तो साखरेचा हायड्रोजन ओढतो आणि त्या ठिकाणी धागा तुटतो. एका ग्रेला प्रत्येक पेशीत अशा हजारभर एकेरी तुटी होतात.

ऐकायला भयंकर. पण गंमत बघा, आपण नुसते श्वास घेत बसलो तरी पेशीत असे रॅडिकल तयार होत असतात आणि डीएनएला रोज हजारोंनी इजा होत असतात. त्या बिनबोभाट दुरुस्त होतात. मग तीन ग्रेचं एवढं काय?

आई गोधड्या शिवायची. जुन्या लुगड्याचा एक पदर उसवला तर खालच्या पदराच्या आधारानं टाका घालता येतो. दोन्ही पदर एकाच जागी फाटले की टाका कशावर घालणार? डीएनएचे दोन धागे एकमेकांचा साचा असतात. एकाचं अक्षर गेलं तर समोरच्यावरून लिहून काढता येतं. श्वासातून होणाऱ्या इजा इकडे एक, तिकडे एक अशा विखुरलेल्या असतात. पळत्या इलेक्ट्रॉनचा वेग मंदावतो तेव्हा मात्र तो एकाच टिचभर जागेत चार-पाच रेणू फोडतो, आणि तिथे डीएनए असेल तर गोफणीच्या एक-दोन वेढ्यांतच इकडचा धागा, तिकडचा धागा, मधली दोन अक्षरं असा घोळका बिघडतो. अशा दुहेरी तुटी एका ग्रेला वीस ते चाळीसच होतात. पण पेशीचा जीव घेतात त्या याच.

आता ऑक्सिजनचं. ही गोष्ट मी नव्यानं शिकलो, आणि तिथपासून माझं मन हिशोबावरून उडून परळच्या खोलीत गेलं.

रॅडिकलनं डीएनएचा हायड्रोजन हिसकावला की लगेच काही सगळं संपत नाही. पेशीत ग्लुटाथायोनसारखे गंधकाचे रेणू असतात, ते आपल्याकडचा हायड्रोजन देऊन ती जागा जशीच्या तशी भरून काढू शकतात. तेवढ्यात तिथे ऑक्सिजन पोचला तर तो त्या रिकाम्या जागेला चिकटतो आणि इजेवर शिक्कामोर्तब होतं. गंधक आणि ऑक्सिजनची ही शर्यत सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपते. ऑक्सिजन नसेल, तर तेवढ्याच पेशी मारायला अडीच ते तीन पट किरण लागतात. मोठ्या गाठीच्या आत रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या-दहाव्या भागापुढे ऑक्सिजन पोचत नाही. तिथल्या पेशी गुदमरलेल्या असतात, आणि गुदमरलेल्या असल्यामुळेच वाचतात.

१९५३ साली हे जगासमोर ठामपणे मांडणाऱ्यांत होते हॅल ग्रे. मात्रेच्या एककाला त्यांचंच नाव आहे. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर नॉर्थवूडला माउंट व्हर्नन रुग्णालयात त्यांनी ब्रॉड बीन्सच्या कोवळ्या मुळांवर किरणांचे प्रयोग केले होते. आमच्या परसात दर वर्षी ब्रॉड बीन्स लागतात. आता त्या उपटताना मुळांकडे बघितल्याशिवाय राहवत नाही.

(वहिनीनं आवळ्याची भुकटी, च्यवनप्राश आणि कसल्याशा 'अँटिऑक्सिडंट' गोळ्या पाठवल्या होत्या. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आवळ्याचं लोणचं खुशाल खा, पण उपचार चालू आहेत तोवर गोळ्या नकोत. रॅडिकल पुसून टाकायला आपण पैसे मोजायचे आणि तयार करायलाही सरकारनं मोजायचे, यात अर्थ नाही. वहिनीला मात्र मी अजून सांगितलेलं नाही.)

आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. महिनोन् महिने अंगावर जाऊन तिचं रक्त पार कमी झालं होतं. चिपळूणजवळच्या गावातून तिला मुंबईला आणली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शेक सुरू करण्याआधी दोन बाटल्या रक्त चढवलं. मी आणि मावसभावानं रक्तपेढीत तेवढं दिलं. अशक्तपणा जावा म्हणून, असं आम्ही समजत होतो. आई त्यातही सोमवार, चतुर्थी, एकादशी सोडत नव्हती. बाई तिच्यावर ओरडल्या, "मावशी, रक्त आहे तरच शेक लागेल!" ही आपली दटावणी असावी असं मला वाटलं होतं. रक्त कमी असलेल्या बायकांना शेकाचा गुण कमी येतो, हे त्यांना ठाऊक होतं. रक्तातूनच तर ऑक्सिजन जातो.

पुढचं सांगायला मला ऑगस्टची बँक हॉलिडे कारण झाली.

सोमवारी सुट्टी म्हणून शुक्रवारी मी माझ्या रेडिओग्राफरला विचारलं, माझा एक दिवस बुडेल त्याचं काय? पोर्तुगालहून आलेली हसरी मुलगी. म्हणाली, तुमचं चालेल, शेवटी एक दिवस वाढवू. काहीजणांचं नाही चालत. त्यांना आम्ही शनिवारी बोलावतो, नाहीतर एका दिवशी दोनदा देतो, मध्ये किमान सहा तास सोडून.

सहाच तास का, हे मला कळलं. तुटलेला डीएनए जोडायला निरोगी पेशीला साधारण तेवढा वेळ लागतो. दुहेरी तूट झाली की पेशीत आरडाओरडा होतो, विभाजन थांबवलं जातं, आणि काही प्रथिनं धावत येऊन तुटकी टोकं जमतील तशी सांधतात. दुसरी सावकाश पद्धत म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या जुळ्या प्रतीवरून बरहुकूम लिहून काढणं. २०१५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल डीएनए दुरुस्तीच्या अभ्यासालाच मिळालं. त्यातले टॉमस लिंडाल यांनी बरंचसं काम इथून जवळ, हर्टफर्डशायरमध्ये केलं. कॅन्सरच्या पेशींची ही दुरुस्ती बऱ्याचदा निकामी किंवा घाईची असते. चुकीची टोकं सांधली जातात, आणि पुढे विभाजनाच्या वेळी ती पेशी मरते. म्हणून शेक एकदम न देता रोज थोडा देतात. रात्रीतून चांगल्या पेशी सावरतात, वाईट तेवढ्या सावरत नाहीत. सगळा उपचार या फरकावर उभा आहे.

"कुणाचं चालत नाही?" मी विचारलं.

"घशाचे. आणि सर्विक्सचे." ती माझा गाऊन सारखा करत होती. "त्यांच्या गाठी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जोरात वाढायला लागतात. मध्ये सुट्टी पडली, तर मारल्या तेवढ्या पुन्हा तयार होतात."

मी टेबलावर निजलो. मशीन गुंगुं करत फिरलं.

१९८७ चा भाद्रपद. आईचे पंचवीसपैकी सतरा शेक झाले होते, चौथा आठवडा. आमचं लग्न त्याच वैशाखातलं. गौरीला नव्या सुनेचा पहिला ओवसा, आणि तो आपल्या हातानं करून घ्यायचा हे आईनं लग्न ठरल्यापासून धरलेलं. सुपं कुठून आणायची, पहिलं सूप कुणाला, सगळं तिच्या तोंडी होतं. तिला जुलाब होत होते, जेवण जात नव्हतं, तरी गावाला जायचं म्हटल्यावर उठून बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "खाडा करू नका." खाडा म्हणजे गिरणीतला शब्द, हजेरीपुस्तकातला. परळमध्ये तो सगळ्यांच्याच तोंडी. मी म्हटलं, चार दिवसांत परत आणतो. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की हताश होऊन, ते मी तेव्हा बघितलं नाही.

कोकण रेल्वे नव्हती. एस.टी.त रेटारेटी. आई खिडकीशी, मांडीवर डबा, डोळे मिटून. ओवसा छान झाला. आईनं हिला जवळ बसवून सुपं कशी भरायची ते दाखवलं. मग गौरी गेल्या, पण आईच्या अंगात उठायचं त्राण नव्हतं. मग परतीचं रिझर्वेशन मिळेना. मग दादा म्हणाला, अनंत चतुर्दशीला गणपती जातील, त्यानंतर जा. मीही म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय? अकरा दिवसांचा खाडा पडला. उरलेले आठ शेक नंतर पुरे केले, आतला उपचारही झाला. दीड वर्ष बरी होती. मग दुखणं उलटलं, आणि १९८९ च्या दिवाळीआधी ती गेली.

त्या अकरा दिवसांनीच ती गेली, असं कुठलंही शास्त्र एका माणसाबद्दल सांगू शकत नाही. रक्त कमी होतं, गाठ मोठी होती, आलो तेच उशिरा. हे सगळं मला कळतं. पण दादा म्हणतो शेकानं मारलं, आणि आता मी त्याला चमचाभर चहाचा हिशोब देतो तेव्हा पुढचं वाक्य गिळतो. शेक जास्त झाला नव्हता रे. कमी पडला होता. हे सांगितलं की तो विचारणार, कमी का पडला?

त्या शुक्रवारी बाहेर आलो तर बायको गाडीत वाट बघत होती. वीसही दिवस तिनंच आणलं-नेलं. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, लघवी लागली होती फार." ती हसली. वाटेत भारतीय दुकानातून गणपतीसाठी दूर्वा मिळतात का बघायला थांबलो.

ओवसा तिचा होता. तिला हे मी कधी बोललो नाही. बोलून करायचं काय? म्हणून तुम्हाला सांगत बसलो.

पण मी लिहिलेलं काहीही बाहेर जाण्याआधी ती वाचते, शुद्धलेखन तीच बघते. हेही लपवता आलं नसतं, आणि लपवायचं नव्हतंही. दोन दिवस टेबलावर पडलं होतं. काल दुपारी तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. मग कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "अकरा नाही, तेरा. निघालो त्या दिवसाचा आणि आलो त्या दिवसाचा धरला नाहीस तू."